मी कुठे आहे याचा अर्ज

घर सुटलं, गाव सुटलं, की माणसाजवळ एकच ठेव उरते, ती म्हणजे त्याची स्वतःची माहिती. आणि तिचं प्राणपणाने रक्षण करणं हे कोणत्याही सुसंस्कृत समाजाचं पहिलं कर्तव्य आहे. हे वाक्य शिबिर म्हणून घेतलेल्या क्रीडासंकुलाच्या आतल्या भिंतीवर, बास्केटबॉलच्या जाळीखाली, हातभर उंचीच्या अक्षरांत लावलेलं होतं. फलक ताणून बांधायला खालून एक दोरी ओढून घेतली होती. त्या दोरीवर लोक मोजे वाळत घालत, आणि मोजे भरपूर असल्यामुळे 'कर्तव्य' या शब्दापर्यंत कुणाची नजर पोचत नसे.

फलकाच्या बरोबर समोर, तिसऱ्या रांगेत, एकसष्ट नंबरच्या खाटेवर धाकटी बसलेली असे. धाकटी म्हणजे वयाने नव्हे, वय अठ्ठावन्न. एका घरात दोन भाऊ, दोघांच्या दोन बायका, त्यातली ही धाकटी जाऊ. छत्तीस वर्षं गाव तिला याच नावाने हाक मारत आलं. दोघे भाऊ यथावकाश वारले, मुलंबाळं दोघींनाही नव्हती, आणि शेवटी त्या घरात थोरली-धाकटी म्हणायला त्या दोघीच उरल्या.

दोघींमध्ये नऊ वर्षांचा अबोला होता. त्याचं कारण आता कुणालाच नक्की आठवत नव्हतं, पण कारण विसरलं म्हणून अबोला सोडून द्यावा इतक्या काही त्या हलक्या घराण्यातल्या नव्हत्या. स्वयंपाकघर एक, दिवाणखाना एक, शिवणाचं मशीन एक. बोलणं व्हायचं ते भिंतीशी. थोरली जेवता जेवता खिडकीला सांगायची, "आज मिठाला कुणाचा हात लागलेला दिसत नाही." धाकटी कपाटाला सांगायची, "ज्यांना हवंय त्यांनी वरून घ्यावं, हात सगळ्यांना आहेत." कपाट आणि खिडकी या दोघांनी मिळून नऊ वर्षं संसार सांभाळला.

मग एका सकाळी गावावर जे यायचं होतं ते आलं आणि सगळा मुलूख उठून पुलाकडे चालायला लागला. तीन दिवसांत नव्वद हजार माणसं त्या पुलावरून गेली. थोरलीला काचबिंदू. तिला समोरचं दिसायचं, बाजूचं नाही; नळीतून पाहिल्यासारखं जग. म्हणून ती धाकटीच्या शालीचं टोक धरून चालली होती, तेही शाल जणू आपोआप हातात आल्यासारखं दाखवत. पुलाच्या पलीकडे बसगाड्या उभ्या होत्या. रेटारेटीत धाकटी बसच्या पायरीपाशी पोचली आणि मागून थोरलीने तिला ढकललं. भिंतीला नाही, खिडकीला नाही, सरळ तिलाच म्हणाली, "अगं धाकटे, चढ तू. मी आलेच मागच्या गाडीने."

धाकटी उत्तर द्यायला वळली आणि बसचं दार लागलं.

या गोष्टीला आज सतरा दिवस झाले होते. नऊ वर्षांनी समोरच्याने तोंड उघडावं आणि आपलं उत्तर दारात अडकावं, हे धाकटीच्या जिवाला लागून राहिलं होतं. त्यात शुक्रवारी संकुलातली सगळी माणसं पाचशे किलोमीटर आत, दुसऱ्या शहरात हलवणार होते. मागची गाडी कुठे गेली हे शुक्रवारच्या आत कळलं नाही तर मग ते कायमचंच कळायचं राहणार, एवढं न समजण्याइतकी ती खुळी नव्हती.

एरवी तिची कुणाविषयी काहीही तक्रार नव्हती. उलट, या जागेने तिला नुसतं आभारात बुडवलं होतं. पहिल्या दिवशी एका अनोळखी बाईने तिच्या पायांकडे नुसतं पाहून बरोबर पाच नंबरचे बूट काढून दिले होते. पांघरूण उबदार होतं. नळाला गरम पाणी होतं. नर्सबाई रोज सकाळी रक्तदाब बघताना हात हातात घ्यायच्या आणि मोजून झाल्यावरही जरा वेळ सोडायच्या नाहीत. या सगळ्याचं काय करायचं हे धाकटीला कळेना. आभाराची पेटी कुठे नव्हती, तक्रारपेटी होती. मग तिने त्याच पेटीत चिठ्ठी टाकली: बुटांबद्दल फार आभार. दुसरी चिठ्ठी पाण्याबद्दल. तिसरी नर्सबाईंच्या हाताबद्दल. तिन्ही चिठ्ठ्यांना रीतसर क्रमांक पडले आणि नोंद झाली: तक्रारीचं स्वरूप, आभार, सद्यस्थिती, चौकशी सुरू.

तर या संकुलाच्या बॅडमिंटन कोर्टावर पाच टेबलं मांडलेली होती. नोंदणीवाले, आरोग्यवाले, अन्नवाले, कपडेवाले आणि वाहतूकवाले. जमिनीवर पांढऱ्या रेषा आखलेल्या होत्याच, प्रत्येकाने आपापला चौकोन धरला. प्रत्येकाचा संगणक वेगळा, यादी वेगळी, माणसाला द्यायचा नंबर वेगळा आणि मनगटावर बांधायची पट्टीही वेगळी. धाकटीचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत रंगीत झाला होता. रेष ओलांडून पलीकडच्या टेबलापाशी कुणी जात नसे. माणसं चांगली होती, पण माहिती म्हणजे माहिती.

धाकटीने पाचही टेबलांना विचारून पाहिलं होतं. अन्नवाले म्हणाले, नावं सांगता येत नाहीत, ताटांचा आकडा सांगू का? आरोग्यवाले म्हणाले, आजार सांगू, माणूस नाही. वाहतूकवाले म्हणाले, मागची गाडी ही कल्पनाच आमच्याकडे नाही, प्रत्येक गाडी पुढचीच असते. उरले नोंदणीवाले.

नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्या कारकुनाला सगळे गोपनीयराव म्हणत, कारण कुणी काहीही विचारलं तरी त्यांचं उत्तर त्याच शब्दाने सुरू होई. पन्नाशीचे गृहस्थ, कोपराला ठिगळ लावलेला स्वेटर, टेबलाला सुतळीने बांधलेली पेन्सिल. जमिनीच्या दप्तरातून इथे स्वतःहून आलेले. सतरा दिवसांत एकदाही रविवारची सुट्टी घेतली नव्हती, आणि आपल्या थर्मासमधला अर्धा चहा रोज रांगेतल्या पहिल्या माणसाला ओतून देत. रोज पहाटे उठून धाकटी त्या चहासाठी पहिली उभी राहायची, आणि चहा घेऊन झाला की विचारायची.

"भाऊ, माझ्या जाऊबाई कुठल्या शिबिरात आहेत, तेवढं बघता का?"

"गोपनीय आहे मावशी."

"त्या जिवंत आहेत का, एवढंच सांगा."

"तेही गोपनीय."

"म्हणजे आहेत!"

"म्हणजे आहेत हेही नाही आणि नाहीत हेही नाही," गोपनीयराव पेन्सिल फिरवत म्हणत. "उद्या कुणी त्यांच्या वाइटावर असलेला माणूस येऊन विचारेल. त्यालाही मी सांगायचं का?"

"त्यांच्या वाइटावर असलेली मी एकटीच होते हो," धाकटी म्हणायची, "आणि मी ही इथे उभी आहे."

यावर गोपनीयरावांना हसू यायचं, पण तेही ते गोपनीय ठेवत.

सोमवारी मात्र मोठी घटना घडली. तेरा बैठका झाल्यानंतर पाचही खात्यांनी माहितीच्या देवाणघेवाणीचा करार केला. समन्वयक मॅडम आल्या, पाच सह्या झाल्या, पाच पेनं एकमेकांना भेट देण्यात आली. सगळ्या शिबिरांच्या सगळ्या याद्या एका यंत्रात घातल्या की एका माणसाचे पाच नंबर जाऊन एकच राहणार, आणि ज्यांची नोंद चुकून दोनदा झालीय त्यांना यंत्र आपोआप एक करणार. टाळ्या वाजल्या. धाकटीनेही वाजवल्या. तिला वाटलं, आता पाच जणांना विचारायला नको, एकालाच विचारलं की झालं.

मंगळवारी दुपारी ती जेवणाच्या रांगेत उभी राहिली. वाढणाऱ्याने तिच्या हाताची नवी पट्टी यंत्रासमोर धरली. यंत्राने चुक्क केलं.

"मावशी, तुमचं जेवण झालंय."

"कुणाचं?"

"तुमचंच. बारा वाजून दहा मिनिटांनी. आणि हे बघा, भात कच्चा आहे म्हणून परतही केलाय. मग दुसरा घेतलात."

धाकटीने आयुष्यात कधी वाढलेलं ताट परत केलं नव्हतं. पण यंत्र एवढं खात्रीने सांगतंय म्हटल्यावर तिने पोटाला विचारून पाहिलं. पोट काही कबूल होईना. मागे रांग खोळंबली होती. "असेल बाबा," असं म्हणून ती बाजूला झाली, आणि सवयीने त्याचेही आभार मानले.

तेवढ्यात नर्सबाईंनी हाक मारली. "मावशी, अहो तुम्ही मला एका शब्दाने सांगितलं नाहीत! या इकडे, मान मागे करा."

"काय झालं?"

"काचबिंदू आहे ना तुम्हाला. दिवसातून दोनदा थेंब घालायचेत. डोळे उघडा मोठे."

"अहो सिस्टर, मला लांबची मुंगी दिसते."

"फाइलमध्ये स्वच्छ लिहिलंय. रविवारी तपासणी झाली, उजव्या डोळ्याची बाजूची नजर गेलेली, औषध सुरू केलं. आणि रुग्ण डॉक्टरांशी वाद घालतो, असंही लिहिलंय."

धाकटी मान मागे टाकून छताकडे बघत होती. रविवारी ती दिवसभर मागच्या अंगणात पांघरुणं धूत होती. डॉक्टर तिने पाहिलासुद्धा नव्हता, वाद कुठला घालणार? मग बाजूची नजर गेलेला, डॉक्टरशी भांडणारा, कच्चा भात परत करून दुसरा घेणारा असा या जगात दुसरा कोण आहे? थेंब डोळ्यात पडायच्या आधीच तिचे डोळे भरून वाहायला लागले.

"झोंबतंय का?" नर्सबाई घाबरल्या.

"नाही हो सिस्टर," धाकटी त्यांचा हात घट्ट धरून म्हणाली, "घाला, अजून घाला. फार बरं वाटतंय."

तिथून ती कपड्यांच्या टेबलाशी गेली. "माझ्या नावावर काय काय दिलंय, बघता का?"

"पाच नंबरचे बूट," टेबलावरची मुलगी वाचू लागली. "मग परवा आठ नंबरची चप्पल. काल चप्पल परत, अंगठ्याला चावते म्हणून. आज दुसरी चप्पल. मावशी, तुमचे पाय वाढतायत का?"

"देव त्यांचं भलं करो," धाकटी म्हणाली. "वाढू देत."

नोंदणीच्या टेबलाशी ती पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. गोपनीयरावांनी सगळं ऐकून घेतलं, यंत्रात डोकं घातलं, आणि बऱ्याच वेळाने कपाळाला हात लावला.

"मावशी, पुलावर पहिल्या दिवशी जो कागद भरला ना, त्यात नावाची जागा बोटभर होती. म्हणून नुसतं पहिलं अक्षर आणि आडनाव घेतलं. तुमचं दोघींचं अक्षर एकच?"

"एकच."

"गाव एक, घरनंबर एक, दोघी विधवा. आणि ज्याला जन्मतारीख ठाऊक नाही त्याचा जन्म आम्ही एक जानेवारीला घालतो. या एका संकुलात चारशे बारा लोकांचा एक जानेवारीला वाढदिवस आहे. पण वर्ष? वर्ष तरी वेगळं पाहिजे. दोघींचं वय अठ्ठावन्न कसं?"

"जाऊबाई चौसष्टच्या आहेत!"

"त्यांनी अठ्ठावन्न सांगितलंय."

"सांगतीलच!" धाकटी फणकारली. सतरा दिवसांत पहिल्यांदाच तिला बरं वाटेल असा राग आला होता.

"यंत्राला वाटलं, एकाच बाईने दोन ठिकाणी नाव लावलंय. केली एक." गोपनीयरावांनी खणातून दुरुस्तीचा कागद काढला. "थांबा, आत्ता वेगळं करतो." पेन्सिल कागदावर टेकली आणि तिथेच थांबली. त्यांनी मान वर करून धाकटीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग डावीकडे. आवाज खाली आणला.

"मावशी, मी हे दुरुस्त केलं तर त्या होतील दुसरी व्यक्ती."

"मग?"

"दुसऱ्या व्यक्तीची माहिती गोपनीय."

"मग नका करू!"

"तेच म्हणतोय." गोपनीयरावांनी टेबलाखालून कराराची जाड प्रत वर काढली आणि अंगठा ओला करून पानं उलटू लागले. हा माणूस तीस वर्षं सातबारा वाचत आलेला होता, कलमांत त्याचा जीव रमत असे. "हे बघा. कलम एकोणीस. प्रत्येक विस्थापित व्यक्तीला स्वतःविषयीची संपूर्ण माहिती मागण्याचा हक्क आहे, आणि ती देणं खात्यांवर बंधनकारक आहे. स्वतःविषयीची! आता कागदोपत्री तुम्ही दोघी एकच. तेव्हा त्या कुठे आहेत हे तुम्हाला विचारता येणार नाही. पण तुम्ही स्वतः कुठे आहात, हे विचारता येईल."

"मी इथे आहे."

"असं एकदम बोलू नका हो! अर्ज करा."

अर्ज त्यांनीच भरला. अर्जदाराचं नाव. ज्याची माहिती हवी त्याचं नाव, तेच. अर्जदाराशी नातं: स्वतः. हवी असलेली माहिती: मी सध्या कुठे आहे. शेवटचा रकाना होता, माहिती मागण्याचं कारण.

"लिहा," धाकटी म्हणाली, "की चुकामूक झाली."

"स्वतःशी?"

"होत नाही का कुणाची?"

गोपनीयरावांनी लिहिलं.

मग त्यांनी ते केलं जे सतरा दिवसांत त्या कोर्टावर कुणी केलं नव्हतं. कागद हातात घेऊन ते उठले आणि पांढरी रेष ओलांडून शेजारच्या टेबलाकडे चालत गेले. आरोग्यवाल्यांनी सही केली. कपड्यांच्या मुलीने केली. अन्नवाल्यांनी, भाताबद्दल काही नसेल तर, या अटीवर केली. धाकटी लांबून हात जोडून उभी होती. चार सह्या झाल्या, आणि वाहतूकवाले साहेब कागद वाचून लालबुंद झाले.

"आमच्या नोंदीत ही बाई शिबिर क्रमांक चारची आहे!" ते ओरडले. "फर्निचरचं दुकान, खाट एकतीस. तिथून इथे आली कशी? कुठल्या गाडीने? गाडीची नोंद नाही, पास नाही! उद्या दहा जण असे परस्पर हिंडायला लागले तर करायचं काय?"

"तिचं असं आहे साहेब..." गोपनीयरावांनी सुरुवात केली.

"काही सांगू नका. मी सही करणार नाही. ही माहितीची बाब नाहीच, ही शिस्तीची बाब आहे. उद्या सकाळी नऊच्या गाडीने हिला शिबिर चारमध्ये परत पाठवा, आणि पोच आणा!"

गोपनीयरावांनी मान खाली घातली. खाली घातलेल्या मानेनेच ते परत आले, आणि टेबलामागे बसल्यावर त्यांनी थर्मासमधला उरलेला सगळा चहा धाकटीच्या पेल्यात ओतला. त्या वेळी तिला एकही आभाराचा शब्द सुचला नाही. तिने त्यांच्या स्वेटरचं सुटलेलं ठिगळ बघितलं, स्वेटर काढून मागितला, आणि खाटेवर बसून दहा मिनिटांत ते असं पक्कं शिवून दिलं की पुढे स्वेटर विरला असेल, ठिगळ नाही.

बुधवारी सकाळी नऊ वाजता पांढरी व्हॅन आली. अठरा आसनांच्या गाडीत धाकटी एकटी.

"मावशी, पळून आला होतात म्हणे," ड्रायव्हर आरशातून बघत म्हणाला.

"हो रे बाबा."

"या वयात?"

"आधी सवडच मिळाली नाही."

ड्रायव्हर इतका हसला की त्याचं वळण चुकलं. एरवी त्याला चुकायची मुभा नव्हती. परत पाठवायच्या माणसाच्या कागदावर पाचही खात्यांच्या मुख्य कार्यालयांचे शिक्के लागत, आणि मुख्य कार्यालयं शहराच्या पाच टोकांना होती. एका ठिकाणी शिक्का होता पण शाई नव्हती. एका ठिकाणी शाई होती, पण शिक्कावाला दुसऱ्या ठिकाणी शाई द्यायला गेलेला होता. धाकटी प्रत्येक दारात उतरून "फार उपकार झाले" म्हणत होती, आणि लोक गोंधळून "असू दे, असू दे" म्हणत होते. सव्वा तासाने गाडी फर्निचरच्या दुकानाशी थांबली.

दारातल्या पहारेकऱ्याने तिची पट्टी यंत्रासमोर धरली. "ही बाई आत आहे."

"तिलाच आत सोडायचंय," ड्रायव्हर म्हणाला.

"आत असलेल्या माणसाला मी आत कसं सोडू?"

"मग ही बाहेर कशी उभी आहे?"

पहारेकऱ्याने धाकटीकडे नीट पाहिलं. आपल्या पहाऱ्यातून एक बाई बाहेर निसटली आणि आपल्याला पत्ताच नाही, हे त्याच्या हळूहळू ध्यानात आलं. त्याने घाईघाईने पोचपावतीवर सही केली. "जा मावशी, जा लवकर. आणि कुणाला बोलू नका."

दुकान बंद पडून वर्ष झालं होतं, पण पाट्या तशाच टांगलेल्या होत्या. 'नवविवाहितांसाठी संच'च्या खाली तीन म्हातारे पत्ते खेळत होते. 'अभ्यासिका'खाली कुणी घोरत होतं. एकतीस नंबरची खाट होती 'शेवटचा नग'च्या खाली. तिच्यावर थोरली ताठ बसली होती, केस विंचरलेले, चप्पल जोडीने ठेवलेली, नजर समोरच्या खांबावर.

धाकटी बाजूने आली, म्हणून थोरलीला ती दिसलीच नाही. धाकटी थांबली. इतके दिवस तोंडात धरून ठेवलेलं उत्तर होतं, ते आता कसं निघतंय याची तिलाच धास्ती वाटली. ती दोन पावलं पुढे जाऊन खांबासमोर उभी राहिली, बरोबर त्या नळीच्या टोकाला.

"जाऊबाई, मी चढले होते," ती म्हणाली. "तुम्हीच आला नाहीत."

थोरली बघत राहिली. मग तिने आवाज चढवला.

"मागची गाडी डावीकडे वळली. मी काय करणार होते? ड्रायव्हरच्या हातातलं चाक धरू?"

"धरायचं होतंत. एरवी सगळं धरून बसता."

"बस इथे. नीट बस, खाट कुरकुरते. काय हाडं झालीयत अंगाची! जेवायला घालत नाहीत का तिथे?"

"काल नव्हतं घातलं. तुम्ही जेवलात ना माझं."

"मी जेवले? अगं, मलाच काल चौकशीला बोलावलं! म्हणाले, तुम्ही तक्रारपेटीत तीन चिठ्ठ्या टाकल्यात, बुटांचे आभार, पाण्याचे आभार, सिस्टरांच्या हाताचे आभार, यामागे हेतू काय? मी म्हटलं, मी? मी जन्मात कधी कुणाचे आभार मानले नाहीत!" थोरली थांबली. धाकटीच्या शालीचं टोक तिने कधी हातात घेतलं होतं ते दोघींनाही कळलं नव्हतं. "आणि मग म्हटलं, ही भवानी जिवंत आहे. नळाचे आभार मानणारी दुसरी कोण असणार? घरी आले आणि उशीत तोंड घालून... झोपले."

"घरी?"

"खाटेवर म्हणायचं होतं. शब्द काय धरतेस?"

दोघी जरा वेळ गप्प बसल्या. नऊ वर्षं ज्या शांततेत काढली तीच होती, पण या खेपेला ती दोघींनी मिळून घेतलेली होती.

दुपारी गोपनीयरावांचा निरोप पहारेकऱ्याच्या फोनवर आला. दोघींनी पाचच्या आत क्रीडासंकुलात येऊन समोरासमोर अंगठे द्यावेत, म्हणजे त्यांना वेगळं करता येईल आणि एकाच कुटुंबातल्या दोन माणसांच्या म्हणून शुक्रवारच्या गाडीत शेजारच्या जागा मिळतील. त्या पुढे मिळाल्या, खिडकी थोरलीने घेतली, हे इथेच सांगून टाकायला हरकत नाही.

"वेगळं?" थोरली म्हणाली. "घरात बारा वर्षं वाटणी मागत होते मी. दोन्ही भाऊ बसले, पंच बसले, कुणाला जमलं नाही. आणि हा माणूस अंगठ्यावर करून देतोय?"

"फार चांगला माणूस आहे," धाकटी म्हणाली. "चहा देतो."

"गोड का?"

"तुम्ही विचारा आता त्यालाच."

थोरली खांबाकडे वळली. "कागद आहे का तुझ्याजवळ?" ती खांबालाच विचारल्यासारखं म्हणाली. "चिठ्ठी लिहायचीय. त्या तुझ्या गोपनीयला. काय लिहितात ते तू सांग, मला सवय नाही."

चिठ्ठीला अर्धा तास लागला, कारण 'आभारी आहे' की 'आहोत' यावर दोघींचं एकमत होईना. 'आहोत' ठरलं.

दाराशी पहारेकऱ्याने पट्टी यंत्रासमोर धरली. बाहेर जायचा पास एकाच व्यक्तीचा निघाला. दोघी त्यावर बाहेर पडल्या आणि दप्तराच्या दृष्टीने त्यात काही गैर नव्हतं.

"गाडी मागवू का?" पहारेकरी म्हणाला. "उद्या सकाळी नऊला मिळेल."

"आहे कुठे ते क्रीडासंकुल?" थोरलीने विचारलं.

पहारेकऱ्याने हात लांब करून दाखवलं. थोरलीने शालीचं टोक धरलं आणि दोघी चालत निघाल्या. अकरा मिनिटं लागली.